श्वसनमार्गातील ग्रंथिस्राव : बल की मल?

कासाचा रुग्ण समोर येऊन बसला की नाव-गाव सांगून होण्यापूर्वीच तो म्हणतो, "डॉक्टर, छातीत कफ भरलाय, तेवढा सुकवून द्या." ही मागणी इतकी परिचयाची आहे की तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे, असे आपणा वैद्यांनाही वाटेनासे झाले आहे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत आम्हालाही ते वाटले नव्हते. कफ वाढला आहे, तो स्निग्ध, शीत, पिच्छिल. म्हणून रूक्ष, उष्ण, तीक्ष्ण द्रव्ये द्यावीत, कफ आटेल आणि रुग्ण बरा होईल, असे सरळ गणित मांडून आम्ही औषध देत होतो. वस्तुतः चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात प्राकृत श्लेष्म्याला बल आणि ओज म्हटले असून, विकृत झालेल्या श्लेष्म्याला मल म्हटले आहे. परीक्षेत हा श्लोक आपण सर्वांनीच लिहिलेला आहे. चिकित्सा करताना मात्र त्यातला मल तेवढा आठवतो, बल विसरले जाते.

श्वसनमार्गातील ग्रंथींचा स्राव फुप्फुसांचे जंतुसंसर्गापासून रक्षण कसे करतो याविषयी आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत बरीच माहिती जमवली आहे. ती वैद्यबंधूंपुढे ठेवावी आणि तिच्या आधारे 'कफ सुकवणे' या अंगवळणी पडलेल्या उपक्रमाकडे पुन्हा एकदा पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या ग्रंथी चरक-सुश्रुतांना ठाऊक होत्या असे आम्हाला म्हणावयाचे नाही. तशी ओढाताण करणारे लेखन आपल्यात पुष्कळ होते आणि त्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही. कफदोष आणि थुंकीत पडणारा चिकट पदार्थ हेही एक नव्हेत. परंतु उरःस्थानातील अवलंबक कफाच्या कार्याचा एक प्रत्यक्ष दिसणारा अंश या स्रावात आहे असे मानून विचार केला, तर चिकित्सेला निश्चित उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे.

ग्रंथींची रचना

श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या आतील आवरणाखाली, तरुणास्थीच्या कड्यांच्या आसपास या ग्रंथी वसलेल्या असतात. मनुष्याच्या श्वासनलिकेत दर चौरस मिलीमीटरला साधारण एक या प्रमाणात त्यांची मुखे उघडतात. नलिकेच्या भिंतीत जेथवर तरुणास्थी आहे तेथवर ग्रंथी असतात. पुढच्या सूक्ष्म नलिकांत दोन्ही नाहीत. पृष्ठभागावर विखुरलेल्या गॉब्लेट पेशीही श्लेष्मा स्रवतात. मात्र निरोगी माणसाच्या मोठ्या नलिकांत ग्रंथींचे एकूण आकारमान या पेशींच्या कितीतरी पट असते.

एक ग्रंथी डोळ्यांपुढे आणावयाची तर द्राक्षाचा घड कल्पावा. देठ म्हणजे तिची नलिका आणि मणी म्हणजे स्राव तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके. या पेशी दोन प्रकारच्या असतात. घडाच्या अगदी टोकाशी सीरस पेशी असतात; त्यांचा स्राव पातळ, पाण्यासारखा असतो. त्यांच्या अलीकडे, देठाच्या बाजूस, म्यूकस पेशी असतात आणि त्या दाट, चिकट म्यूसिन स्रवतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. उसाच्या पाटात वरच्या अंगाने पाणी सोडले म्हणजे पुढे साचलेले सारे त्या पाण्याबरोबर वाहत येते, तद्वत टोकाच्या सीरस पेशींचे पाणी वाटेतील दाट म्यूसिन उकलून, भिजवून मुखापर्यंत आणते. सीरस पेशी क्लोराइड व बायकार्बोनेट हे क्षार नलिकेत सोडतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी येते. पेशीत घट्ट घडी घालून ठेवलेले म्यूसिन बाहेर पडताच नीट उलगडावे यासाठीही बायकार्बोनेटची आवश्यकता असते. वरचे पाणी बंद झाले तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

बाहेर आलेला हा स्राव आवरणावर पसरतो. त्या आवरणाच्या प्रत्येक रोमक पेशीवर सुमारे २०० सूक्ष्म रोमिका असतात आणि त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने लवतात. श्लेष्म्याचा थर त्यांच्या टोकांवरून घशाकडे सरकत राहतो. दिवसाकाठी १०,००० लिटरहून अधिक हवा आपण आत घेतो. तिच्यातील धूळ, परागकण, जीवाणू या थराला चिकटतात आणि वर येऊन नकळत गिळले जातात. सुश्रुतांनी श्लेष्मा शब्दाची व्युत्पत्ती आलिंगनार्थी 'श्लिष्' धातूपासून सांगितली आहे, ती येथे अगदी चपखल बसते. निरोगी श्लेष्म्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. हा सारा व्यापार निर्वेधपणे चालू असलेला माणूस "मला कफ आहे" असे कधीच म्हणत नाही.

या स्रावावर मुख्य ताबा व्हेगस मज्जातंतूचा असतो. घशात, स्वरयंत्रात किंवा आमाशयात क्षोभ झाला तरी त्याच्या द्वारे श्वासनलिकेतील ग्रंथी स्रवू लागतात. ओकारीपूर्वी मळमळीबरोबर तोंडास पाणी सुटते, त्याच वेळी श्वसनमार्गातील स्रावही वाढतो. इपेकॅकसारखी वामक द्रव्ये अल्प मात्रेत कफनिःसारक म्हणून वापरली जात, ती याच आधारावर. कफाचे मूळ स्थान आमाशय मानून उरःस्थ कफासाठी वमन सांगणाऱ्या परंपरेतील वैद्याला हा दुवा विचारप्रवर्तक वाटेल. तो पुरावा म्हणून मात्र वापरू नये.

स्रावातील संरक्षक द्रव्ये

श्लेष्मा म्हणजे केवळ चिकट सापळा नव्हे, हे प्रथम लक्षात आले ते एका सर्दीमुळे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२१ च्या अखेरीस स्वतःस झालेल्या सर्दीतील नाकाचा स्राव जीवाणूंच्या संवर्धनावर घालून पाहिला. त्या स्रावाच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेलेले त्यांना आढळले. त्यातील कारणीभूत द्रव्यास त्यांनी लायसोझाइम हे नाव देऊन १९२२ साली ते प्रसिद्ध केले. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. म्हणजे त्याच्या आधी काही वर्षे फ्लेमिंग यांना जंतुनाशक सापडले ते माणसाच्या शेंबडात. अश्रू, लाळ आणि अंड्याचा पांढरा बलक यांतही त्यांना ते मिळाले. आपल्या विद्यार्थ्यांना पेनिसिलिनची गोष्ट ठाऊक असते, ही नसते.

श्वासनलिकेत हे लायसोझाइम प्रामुख्याने ग्रंथींच्या सीरस पेशी तयार करतात. जीवाणूच्या भिंतीतील शर्करेच्या साखळ्या ते कापते आणि जीवाणू फुटतो. काही जीवाणूंच्या भिंतीवर आणखी एक बाह्य आवरण असते, तेथे एकटे लायसोझाइम पोहोचत नाही. तेथे लॅक्टोफेरिन हे सीरस पेशींचेच दुसरे प्रथिन साहाय्यास येते. ते बाह्य आवरण सैल करते आणि वाट मोकळी होते. लॅक्टोफेरिनचे मुख्य काम त्याहून वेगळे आहे. जीवाणूंना वाढण्यासाठी लोह लागते आणि हे प्रथिन स्रावातील मोकळे लोह स्वतःशी बांधून ठेवते. स्यूडोमोनास हा जीवाणू फुप्फुसात ठाण मांडतो तेव्हा तो चिकट वसाहत उभारून बसतो आणि मग प्रतिजैविके त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. लोह हिरावून घेतलेला स्यूडोमोनास एका जागी स्थिरावून वसाहत करू शकत नाही, तो भटकत राहतो, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

याखेरीज रोगप्रतिकारक आयजीए हे प्रतिद्रव्य ग्रंथींभोवतीच्या प्लाझ्मा पेशींत तयार होते आणि सीरस पेशी ते आपल्यातून पलीकडे नेऊन स्रावात सोडतात. मातेच्या दुधातून बालकास मिळते ते हेच. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम स्रावातील थायोसायनेटपासून जंतुघ्न द्रव्य बनवते. आणखी एका प्रथिनाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ते जंतूंशी लढत नाही, आपल्याच सैन्याला आवरते. संसर्गस्थानी धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी इलास्टेज नावाचे दाहक एन्झाइम सोडतात. ते जंतूंबरोबर फुप्फुसाची ऊतीही खाऊ लागते. सीरस पेशींच्या स्रावातील एसएलपीआय हे प्रथिन त्यास लगाम घालते. मारणारे आणि आवरणारे असे दोघेही एकाच थेंबात असावेत, याचे आम्हाला प्रथम वाचले तेव्हा फार नवल वाटले होते.

म्यूसिनही निष्क्रिय नाही. त्याच्यावरील शर्करेच्या शाखा पेशीपृष्ठावरील शाखांसारख्याच असल्याने जीवाणू व विषाणू पेशीऐवजी त्यालाच जाऊन बिलगतात. ग्रंथींतून मुख्यतः ५बी आणि गॉब्लेट पेशींतून मुख्यतः ५एसी या प्रकारचे म्यूसिन येते. ५बी चे जनुक नसलेले उंदीर श्वसनमार्गातील दीर्घ संसर्गाने दगावतात, ५एसी नसलेल्यांची तशी गत होत नाही, असे २०१४ साली दाखवण्यात आले. अर्थात उंदरात ५बी पृष्ठभागावरील पेशींतूनच बहुतांशी येते, हे ध्यानात ठेवावे.

ग्रंथीच नसतील तर

एखाद्या अवयवाचे कार्य खरोखर काय, हे तो नसताना कळते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या श्वासनलिकेचे ग्रंथी असलेले आणि ग्रंथीविरहित असे कलम तयार करून दोहोंच्या स्रावाची तुलना केली. ग्रंथी असलेल्या नलिकेच्या स्रावात स्यूडोमोनास अधिक प्रमाणात मारला गेला. त्या स्रावातून लायसोझाइम काढून टाकताच त्याचे जंतुनाशक सामर्थ्यही गेले.

मनुष्यातही निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. एक्टोडर्मल डिस्प्लेझिया या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात घामाच्या ग्रंथी, केस आणि दात यांची वाढ नीट होत नाही. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पतींतील बदलांवरील आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंध प्रांतातील एका हिंदू कुटुंबाची हकिकत दिली आहे. चार पिढ्यांतील दहा पुरुषांना मोजके दुबळे दात, अंगावर विरळ केस आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून होणारा त्रास होता. मुलींत हा दोष उतरला नव्हता. डार्विन यांचे लक्ष दात व केसांकडे होते. पुढे असे आढळले की या विकारात श्वासनलिकेतील श्लेष्मग्रंथीही नसतात वा अत्यल्प असतात, आणि अशा बालकांना वारंवार छातीचे संसर्ग होतात. दात उशिरा येणारे, सुळ्यासारखे अणकुचीदार दात असलेले, घाम न येणारे आणि सतत खोकणारे बालक चिकित्सालयात आल्यास या विकाराची आठवण ठेवावी.

स्राव बिघडतो तेव्हा

ग्रंथी आहेत परंतु पाणी सोडत नाहीत, अशी अवस्था सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात दिसते. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. अशा मुलांच्या घामात मीठ अधिक असते हे १९५३ साली लक्षात आले आणि १९८९ साली सीएफटीआर हे त्याचे जनुक सापडले. हे जनुक ज्या प्रथिनाची घडण करते ते पेशीच्या आवरणात क्लोराइड व बायकार्बोनेटची वाट असते. सीरस पेशींत ते विपुल असल्याचे १९९२ साली आढळले. पुढे २०१८ साली ते भरपूर असलेल्या आयनोसाइट नावाच्या निराळ्या पेशीही पृष्ठभागावर सापडल्या, तेव्हा सारा दोष एकट्या ग्रंथींच्या माथी मारता येत नाही. तथापि ग्रंथींचा वाटा मोठा आहे. या जनुकाचा बिघाड केलेल्या उंदरांना माणसासारखा फुप्फुसरोग आपोआप होत नाही, डुकरांना होतो. उंदराच्या श्वासनलिकेत ग्रंथी केवळ वरच्या टोकाशी असतात, डुकराच्या नलिकेत त्या माणसासारख्या पसरलेल्या असतात. या फरकाचे हे एक कारण मानले जाते.

अशाच रोगयुक्त डुकराच्या पिलांवरील दोन निरीक्षणे आम्हाला अत्यंत बोधक वाटतात. २०१२ साली असे दिसले की बायकार्बोनेटच्या अभावी त्यांचा स्राव अधिक आम्ल होतो आणि त्यातील जंतुनाशक द्रव्ये असूनही नीट काम करीत नाहीत. २०१४ साली असे दिसले की ग्रंथीतून निघालेले श्लेष्म्याचे तंतू मुखापासून सुटतच नाहीत. एक टोक आत अडकलेले, दुसरे बाहेर लोंबते. रोमिका ओढत राहतात आणि श्लेष्मा जागचा हलत नाही. म्हणजे द्रव्ये आहेत, रोमिका आहेत, स्रावही आहे. द्रवत्व तेवढे नाही. तेवढ्याने बल होते ते मल झाले.

हा रोग भारतात नाही असे आमच्या विद्यार्थिदशेत सांगितले जाई. तो येथे आहे, परंतु पुष्कळदा ओळखला जात नाही. खाऊनही वजन न वाढणारे, तेलकट दुर्गंधी मळ होणारे, वारंवार न्यूमोनिया होणारे आणि मुका घेतला तर खारट लागणारे मूल बालशोष म्हणून महिनोन्‌महिने आपल्याकडे औषध घेत राहते. अशा बालकास घामातील क्लोराइडच्या तपासणीसाठी मोठ्या केंद्रात पाठवणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. २०१२ पासून या प्रथिनाचेच कार्य सुधारणारी औषधे उपलब्ध होऊ लागली आणि २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या संयोगाने अनेक रुग्णांचे आयुष्य पालटले आहे. ती अत्यंत महाग आहेत ही गोष्ट वेगळी.

आपल्या नित्य पाहण्यात येतो तो मात्र दीर्घकालीन ब्राँकायटिस. विडी ओढणारा पुरुष आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली स्त्री, दोघांच्याही ग्रंथी वर्षानुवर्षांच्या क्षोभाने फुगत जातात. लिन रीड यांनी १९६० साली ग्रंथींची जाडी आणि नलिकेच्या भिंतीची जाडी यांचे गुणोत्तर मांडले. निरोगी माणसात ते साधारण ०.४ पर्यंत असते, या रोगात वाढते. स्राव पुष्कळ होतो, पण म्यूकस पेशी वाढतात आणि त्या मानाने सीरस पेशींचा वाटा घटतो. न्यूट्रोफिलमधील इलास्टेज ग्रंथींना आणखी स्रवावयास लावते, धुराने रोमिका झडतात. कफाचे प्रमाण वाढलेले आणि रक्षणशक्ती मात्र उणी, अशी ही स्थिती आहे. येथे प्रमाण पाहून 'कफ वाढला, आटवा' म्हणणे हे अर्धेच निदान होय.

आमची एक चूक

हे सारे आम्ही पुस्तकातून शिकलो, पण त्याची गरज एका रुग्णाने पटवली. सुमारे बासष्ट वर्षांचे एक निवृत्त एस.टी. वाहक होते. तीस वर्षांची विडी, दररोज सकाळी अर्धी वाटी पांढरा कफ. मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते. "पाहुण्यांपुढे खाकरत बसायची लाज वाटते हो, काही करून हा कफ सुकवा," असे ते काकुळतीने म्हणाले. आम्ही कनकासव, त्रिकटु आणि रूक्ष आहार अशी योजना केली. त्यांनी आपल्या मनाने औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्याही आणून सुरू केल्या, ते आम्ही विचारले नाही. चौथ्या दिवशी येऊन त्यांनी आमचे हात हाती घेतले. कफ जवळजवळ थांबला होता. नवव्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. ज्वर, धाप, कोरडा ठसका, आणि छातीत उजवीकडे खाली वायूचा प्रवेश मंद. क्ष-किरण चित्रात न्यूमोनिया होता. जिल्हा रुग्णालयात प्रतिजैविके व प्राणवायू मिळाला, ते वाचले. लग्नात कन्यादानाला मात्र त्यांचे थोरले बंधू बसले.

एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. अशा फुप्फुसात न्यूमोनिया औषधाविनाही होतो. परंतु कनकासवातील धत्तूर आणि सर्दीच्या जुन्या गोळ्या हे दोन्ही व्हेगसची आज्ञा ग्रंथींपर्यंत पोहोचू देत नाहीत. पाटाचे वरचे पाणी आम्ही तोडले, गाळ तेथेच राहिला. कफ थांबला तो बरा होऊन थांबला की आत अडकून थांबला, हे पाहण्यासाठी स्टेथोस्कोप लावणे चौथ्या दिवशी आम्हाला सुचले नाही, ही खरी चूक.

चिकित्सेविषयी थोडेसे

हिक्का-श्वास चिकित्सेच्या अध्यायात चरकाचार्य आरंभीच शोषण सांगत नाहीत. लवणयुक्त तेलाने अभ्यंग आणि स्निग्ध स्वेदन करून ग्रथित कफ विरघळवावा, डोंगरातील हिम सूर्यतापाने वितळावे तसा तो स्रोतसांत सुटतो, मग वमनाने काढावा आणि शेष राहिलेल्यासाठी धूम द्यावा, असा क्रम आहे. आधी द्रवता, मग निर्हरण आणि रूक्षण सर्वांत शेवटी. शार्ङ्गधरांनी छेदनाची व्याख्या करताना चिकटून बसलेल्या दोषाचे उन्मूलन सांगितले आहे, आटवणे नव्हे. छेदन आणि शोषण या दोन कर्मांत आपण व्यवहारात भेद करीत नाही, तेथे घोटाळा होतो.

वासा हे या दृष्टीने आदर्श द्रव्य आहे. तिच्यातील व्हॅसिसीन या घटकाच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन बनवले गेले आणि त्यापासून शरीरात तयार होणारे अँब्रोक्सॉल हेही पुढे औषध झाले. दोन्ही श्लेष्मा पातळ करण्यासाठी दिली जातात. गर्भिणीस वासा देऊ नये, तिचा गर्भाशयावर परिणाम होतो. शुष्क, अडकलेल्या कफात यष्टिमधु, वासा, कंटकारी आणि सैंधवयुक्त तेलाचे उरःस्वेदन आम्ही प्रथम योजतो. पिप्पली-मरिचादी तीक्ष्ण द्रव्ये कफ सुटू लागल्यावर. रक्तदाब वाढलेल्या रुग्णास यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये. धत्तूरयुक्त कल्प आम्ही टाकून दिलेले नाहीत. आकुंचन प्रधान असलेल्या, फारसा कफ नसलेल्या तमक श्वासात ते उपकारक आहेत. वृद्ध, अष्ठीला वाढलेले, काचबिंदू असलेले आणि ज्यांना जोराने खोकण्याचे बळ नाही अशा रुग्णांत मात्र ते टाळतो.

लवणाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांनी ७ टक्के मिठाचे पाणी यंत्राने तुषार करून श्वासावाटे घेतल्यास संसर्गाचे झटके कमी होतात, हे २००६ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले. त्यामुळे वाफेच्या पाण्यात मीठ घालण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जाऊ लागला. मीठ वाफेबरोबर वर येत नाही, भांड्यातच राहते. लहान मुलांना त्या पाण्यात कापूर तर मुळीच घालू नये, आणि उकळत्या पातेल्यावर मूल ओणवे करू नये. भाजलेली मुले आम्ही पाहिली आहेत. उष्णोदकाने घसा मोकळा होतो, परंतु शरीरात पाणी पुरेसे असलेल्या रुग्णाने तांबेभर अधिक प्यावे म्हणून कफ आणखी पातळ होत नाही.

थुंकीचे परीक्षण आपल्या नाडीपरीक्षेइतकेच नित्याचे व्हावे. रुग्णास सकाळचा कफ पांढऱ्या वाटीत घेऊन दाखवावयास सांगावे. पांढरा, सुटा, सहज पडणारा कफ असेल तर घाई नको. हिरवा रंग न्यूट्रोफिलमधील एन्झाइमचा असतो. ज्वर, धाप यांसह तो आला तर वाट पाहू नये. कफ एकाएकी बंद झाला आणि धाप वाढली, तर ती सुधारणा नव्हे. रक्त दिसल्यास, अथवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास थुंकीची क्षयासाठी तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते. तिच्यासाठी खोलवरून आलेला कफ लागतो, आणि कोरडे औषध देऊन बसलेल्या रुग्णाला तो काढता येत नाही. म्हणून नमुना आधी पाठवावा, औषधाची चिठ्ठी नंतर लिहावी.